शंकरपाळ्याचा रिकामा कोपरा

स्वतःच्या लग्नात नवरीनं बोलायचं नसतं, हे जावा बेटावरच्या सोलो शहरात कुणाला शिकवावं लागत नाही. तुरिना बोलली. मंडपात पाहुणे ओळीनं खुर्च्यांवर बसले होते आणि वाढपी खांद्यावर परात तोलत धावत होते. आधी चहा, मग सूप, मग भात, मग बर्फाचं सरबत, आणि सरबत पिऊन झालं की पाहुण्यानं मुकाट्यानं उठून घरी जायचं, असा तिथला शिरस्ता. त्या दिवशी डावीकडच्यांना सूप मिळायच्या आत उजवीकडे सरबत पोचलं आणि अर्धा मंडप उठून चालू लागला. डोक्यावर मोगऱ्याच्या माळांचं ओझं घेऊन बसलेली नवरी सासूकडे वाकली आणि म्हणाली, "इबू, सगळे वाढपी एकाच दारानं आत येतायत आणि त्याच दारानं बाहेर जातायत. मागचं दार उघडा. नाहीतर माझ्या माहेरचे उपाशी जातील आणि मला जन्मभर ऐकवतील."

मागचं दार उघडलं गेलं, सूप पोचलं. सासूबाईंनी त्या दिवशी कपाळाला लावलेला हात मात्र अजून खाली घेतलेला नाही.

तिचं माहेर पश्चिमेला, बान्यूमासकडचं. तिकडची माणसं बोलतात ते सोलोवाल्यांना भांडणासारखं ऐकू येतं, आणि सोलोवाले बोलतात ते तिकडच्यांना आजाऱ्यानं कण्हल्यासारखं. जिभेवर साखर घोळवून बोलणं तुरिनाला कधी जमलं नाही आणि खरं सांगायचं तर तिनं फारसा प्रयत्नही केला नाही. "मी बोलते ते कळतं ना तुम्हाला? मग झालं तर," असं म्हणून ती मोकळी व्हायची. बाजारात भाजीवालीसुद्धा तिचे हेल ऐकून हसायची. तीही हसायची आणि हसता हसता भाव पाडून घ्यायची.

अशा बाईला शोभेल असंच काम तिला मिळालं, केचपच्या कारखान्यात. काळं सोयाबीन, मीठ आणि नारळाचा गूळ यांचा तो दाट, गोड केचप. त्याच्याशिवाय सोलोत ताट पुढे येत नाही. तुरिना तो बनवत नव्हती. तो बनताना काम कुठून कुठे जातं, कुठे तुंबतं, कोण कुणाची वाट बघत बसतं, ते ती कागदावर काढायची. भिंतीला तपकिरी कागदाचा मोठा ताव चिकटवायचा. काम दाखवायला साधी चौकट, पुढची वाट दाखवायला बाण, आणि जिथे कुणीतरी काहीतरी ठरवायचं असतं तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची तिरकी चौकट. शंकरपाळ्याच्या वरच्या टोकातून प्रश्न आत जातो, खालच्या टोकातून 'हो' बाहेर पडतं, उजवीकडच्या टोकातून 'नाही'. फ्लोचार्ट म्हणतात तो हाच. पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात तेही एवढंच.

ऑफिसात बसून कुणी सांगितलेलं ती कधीच काढत नसे. "साहेब सांगतात ते काम कसं व्हायला हवं ते," ती म्हणायची, "आणि कामगार सांगतात ते काम कसं होतं हे साहेबांना कळू नये म्हणून. दोघांचंही ऐकायचं नाही." ती सोयाबीनच्या मागे मागे चालायची, पोतं फुटतं तिथपासून बाटलीला बूच बसतं तिथपर्यंत. एकदा बाटल्यांवरची लेबलं सुटून यायला लागली. कारखान्यानं गोंद बदलून पाहिला, कागद बदलून पाहिला, गोंदवाल्याशी भांडण झालं. तुरिना बाटलीच्या मागे चालत गेली तेव्हा दिसलं, की धुतलेल्या बाटल्या वाळवायला लावलेला पंखा सुपरवायझरसाहेबांनी स्वतःकडे वळवून घेतलाय. तिनं नकाशात तो पंखा काढला, पंख्यापासून सुपरवायझरच्या टकलापर्यंत एक जाडजूड बाण काढला आणि कागद कँटीनच्या दारावर लावला. तेव्हापासून तिला सगळे 'बाणवाल्या बू', म्हणजे बाणवाल्या बाई, म्हणायला लागले. सुपरवायझर तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत. लेबलं मात्र सुटायची थांबली.

कारखान्याच्या मागच्या अंगणात रांजण होते. उकडून बुरशी चढवलेलं सोयाबीन त्यांत मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरत पडायचं. मुरलं की उपसून गाळायचं आणि गुळात शिजवायचं. पण मुरलं का, हे पाक जुमादी, म्हणजे जुमादीराव, ठरवायचे. पाक जुमादी म्हणजे अस्सल सोलोकर. इस्त्रीचा बाटिकचा सदरा, पायात आवाज न करणाऱ्या चपला, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्यानं कान पुढे करावा. लाकडी पळीनं चार थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे, आणि झाकण पुन्हा लावायचे.

तुरिना त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली तेव्हा शंकरपाळं काढून तयारच होती. फक्त दोन बाण ओढायचे बाकी होते.

"पाक, हा रांजण तयार आहे का?"

पाक जुमादी हसले. "बलुम."

बलुम म्हणजे अजून नाही.

"म्हणजे नाही," तुरिना लिहायला लागली.

"नाही असं नाही, बू. अजून नाही."

"अहो, एकच की."

"एक कसं? नाही म्हटलं की त्याला दारातून हाकलल्यासारखं होतं. अजून नाही म्हटलं की बसतो बिचारा."

"तुम्हा लोकांना घरात शिरलेल्या चोरालासुद्धा तोंडावर नाही म्हणवणार नाही."

"चोर कधी आला नाही," पाक जुमादी म्हणाले. "अजून."

तुरिना चिडली, पण घरी जाता जाता तिला ते पटत गेलं. ऐंशी वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला विचारा, लग्न झालं का, तोही 'अजून नाही' असंच म्हणेल आणि विचारणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शंकरपाळ्याचं डावं टोक, जे एरवी रिकामंच असतं, त्यातून तिसरा बाण काढला. तो झाकण लावण्याच्या चौकटीकडे गेला आणि तिथून वळसा घेऊन पुन्हा त्याच प्रश्नापाशी आला. रांजण जिथे खरोखर असतो, मुरत, ती जागा कागदावर आली. पॉलिटेक्निकच्या सरांनी पाहिलं असतं तर लाल पेन चालवलं असतं. चालवू दे. तो कागद कित्येक वर्षं भिंतीवर होता आणि त्याप्रमाणे काम बिनबोभाट चाललं होतं.

मग मालकांचे पुतणे पाक दिमास व्यवस्थापक म्हणून आले. जकार्तात वाढलेले, हसतमुख, सगळ्यांना नावानं ओळखणारे. माणूस वाईट नव्हता. घाईत होता. त्यांनी जागोजागी टॅबलेट बसवायचे ठरवले आणि त्यासाठी तुरिनाचे नकाशे मागवले.

"बू तुरिना, रांजणापाशी हे तिसरं टोक कसलं?"

"अजून नाही."

"अजून नाही काय?"

"ते उत्तर आहे, पाक."

"उत्तर हो असतं किंवा नाही असतं. मशीनला दोनच कळतात."

"मग शिकवा तिला. नवी आहे, शिकायचं वय आहे तिचं."

पाक दिमास मनापासून हसले. मग म्हणाले, "ह्या 'अजून नाही'नंच घात केलाय आपला. खरेदीला विचारा, अजून नाही. दुरुस्तीला विचारा, अजून नाही. कुणाला काही ठरवायलाच नको."

ह्यात तथ्य होतं आणि तुरिनानं ते कबूल केलं. "खरेदी खात्यातलं पुसा, मी स्वतः फडकं आणून देते. तिथे ते आळसाचं टोपणनाव आहे. रांजणापाशी ते कामाचं नाव आहे. चला माझ्याबरोबर मागे, दाखवते."

पाक दिमास "नक्की" म्हणाले आणि कधीच मागे गेले नाहीत. रांजणाशेजारच्या खांबावर टॅबलेट बसला. हिरवं बटण हो, लाल बटण नाही. लाल दाबलं की सगळ्या साहेबांच्या फोनवर निरोप जायचा, की अमुक रांजण बाद, आणि तो भरणाऱ्याचं नाव तमुक.

"हे लाल बटण इथे कुणी दाबणार नाही," तुरिनानं भर बैठकीत सांगितलं.

"का दाबणार नाही? सगळे हो म्हणालेत. पाक जुमादी, गरज पडली तर लाल दाबाल ना?"

"इंगिह, पाक," पाक जुमादी म्हणाले. इंगिह म्हणजे होय.

"बघा," पाक दिमास म्हणाले.

तुरिनानं काय बघायचं ते बघितलं. रोज सकाळी टॅबलेट विचारायचा, तयार? पाक जुमादी चव घ्यायचे, बराच वेळ उभे राहायचे आणि हिरवं दाबायचे. दुसरं करणार काय? रांजण भरणारा त्यांचा शेजारी, त्याच्या मुलाच्या सुंतेला ते जेवून आलेले; त्याचं नाव सगळ्यांच्या फोनवर बाद म्हणून पाठवायचं? हिरवं दाबून झालं की ते गाळणीवरच्या पाक त्रिस्नोंकडे जायचे आणि हळूच म्हणायचे, "ह्याला जरा सावकाश घ्या." पाक त्रिस्नो तो रांजण न सांगता मागे ठेवायचे. म्हणजे तिसरा बाण होताच, फक्त कागदावरून उतरून माणसांच्या खांद्यावर आला होता. पाक दिमासना पडद्यावर सगळं हिरवंगार दिसायचं आणि ते खूश असायचे. मग त्यांना दिसलं की हिरवा झालेला रांजण गाळणीपाशी उगाच पडून राहतो. त्यांनी गाळणीलाही घड्याळ लावलं. आता सावकाश घ्यायला कुणाच्याच हातात काही उरलं नाही आणि कच्चे रांजण एकामागून एक गाळणीवर चढले.

पहिली ओरड सातेवाल्यांनी, म्हणजे काडीला मांसाचे तुकडे लावून भाजणाऱ्यांनी, केली. मांसाला लावून निखाऱ्यावर धरलं की ह्या केचपला कच्च्या शेंगेचा वास मारतो, म्हणाले. मग दुकानांतून खोकी परत यायला लागली. एका मोठ्या गिऱ्हाइकानं लेखी खुलासा मागितला आणि पाक दिमासची झोप उडाली. त्यांनी खुलासा तयार केला. कामाची पद्धत निर्दोष आहे, नकाशा सोबत जोडला आहे, तयार नसलेल्या रांजणांना पाक जुमादी यांनी निष्काळजीपणे 'हो' दिलं, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली नकाशा काढणारीची सही आणि चूक मान्य आहे म्हणून पाक जुमादींची सही, अशा दोन जागा सोडल्या होत्या.

तुरिनानं तो कागद वाचला आणि ऑफिसातून तडक पाक जुमादींच्या घरी गेली. ते अंगणात होला पक्ष्याचा पिंजरा खांबावरून खाली घेऊन पाणी बदलत होते.

"कागद पाहिलात?"

"इंगिह."

"उद्या सही करणार तुम्ही?"

"इंगिह, बू. बसा ना. चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे. कसली इंगिह? चूक तुमची आहे?"

"पाक दिमास तरुण आहेत," पाक जुमादी पिंजऱ्याचं दार लावत म्हणाले. "घाबरलेत. त्यांना काहीतरी हवंय हातात."

"मग केळ्याची भजी द्या हातात. स्वतःची मान कशाला देताय?"

पाक जुमादी हसले. "भजी त्यांना चालत नाहीत म्हणे. तेल."

"थट्टा करू नका, पाक. अख्खं आयुष्य तुमच्या जिभेवर तो कारखाना चालला. आणि आता शिक्क्यानिशी लिहिलेलं राहणार की हा माणूस निष्काळजी होता. तुमची नात वाचेल ते उद्या. काय सांगणार तिला? साहेबांना वाईट वाटेल म्हणून मी इंगिह म्हटलं?"

"इंगिह," पाक जुमादी म्हणाले, जणू ती हवापाण्याचं बोलत होती, आणि त्यांनी पिंजरा पुन्हा वर चढवला.

तुरिना निघाली तेव्हा संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पाणी आलं म्हणून ती आणखी संतापली. ज्याच्यासाठी भांडायचं तोच आपण होऊन मान पुढे करतोय. ह्या गावाचा, ह्या गोड आवाजांचा, खालच्या मानांचा तिला इतका तिटकारा आला की स्कूटर थेट पश्चिमेला, माहेरच्या रस्त्याला घालावी असं वाटलं. घरी नवरा म्हणाला, "त्यांनाच चालतंय तर तुझं काय अडलंय? सही टाक आणि मोकळी हो. नोकरी जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. तो खोटा नकाशा मी माझ्या नावानं जगात सोडणार नाही." आणि ह्यावर बोलणं संपलं.

सकाळी बैठकीच्या खोलीत पाक दिमास होते, त्यांच्या सेक्रेटरी एर्नाताई, तिकडच्या भाषेत म्बाक एर्ना, गाळणीवरचे पाक त्रिस्नो, आणि कडेच्या खुर्चीवर पाक जुमादी, इस्त्रीच्या सदऱ्यात. पांढऱ्या फळ्यावर रांजणाचं शंकरपाळं काढून ठेवलं होतं, दोन बाणांचं.

"आधी बू तुरिना," पाक दिमासनी कागद सरकवला.

"मी सही करणार नाही."

"शांतपणे विचार करा, बू."

"केला. हा नकाशा माझा नाही. माझ्या नकाशात माणसाला खरं बोलायला वाट होती. ती वाट तुम्ही बुजवलीत, आणि आता खरं बोलला नाही म्हणून त्याला धरताय. पूल तुम्ही काढलात आणि नदीत पडला म्हणून गुन्हेगार तो?"

"आवाज खाली ठेवा."

"आमच्याकडे ह्याला खालचाच आवाज म्हणतात."

ती उठली, फळ्यापाशी गेली आणि शंकरपाळ्याच्या डाव्या टोकातून तिसरा बाण ओढला. जाड, काळा, पार वळसा घालून प्रश्नापर्यंत. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, अजून नाही. मग येऊन आपल्या खुर्चीवर बसली.

"ते पुसा," पाक दिमास म्हणाले.

"पुसायला नाही काढलेलं."

चार माणसांसमोर व्यवस्थापकानं उठून फळा पुसायचा म्हणजे शोभा झाली असती. पाक दिमास वळले. "एर्ना, जरा पुसता का ते?"

"इंगिह, पाक," म्बाक एर्ना म्हणाली. तिनं मान लववली, समोरचे कागद उचलले, टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या आणि पुन्हा खाली ठेवले.

फळा तसाच होता. "पाक त्रिस्नो, तुम्ही जवळ आहात."

"इंगिह, पाक. पुसतो की." पाक त्रिस्नोंनी घसा साफ केला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तेवढ्यात चहावाल्या बू पाइनी ट्रे घेऊन आल्या. खांद्यावर फडकंच होतं. पाक दिमासना हायसं वाटलं. "बू, तेवढा फळा पुसून घ्या हं."

"इंगिह, इंगिह, पाक," बू पाइनी इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की ऐकणाऱ्यानं त्यांना दुवा द्यावा. त्यांनी सगळ्यांपुढे चहा ठेवला, सांडलेला थेंब फडक्यानं टिपला, आणि फडकं खांद्यावर टाकून निघून गेल्या.

पाक दिमास फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो नाद सोडला आणि कागद टेबलाच्या कडेला नेऊन ठेवला, त्यावर पेन. "पाक जुमादी, तुम्ही तरी. तुम्ही काल हो म्हणाला होतात. सही कराल ना?"

"इंगिह, पाक."

तुरिनानं मान फिरवली. तिला ते बघायचं नव्हतं. कागदावर पेन घासल्याचा आवाज कधी येतो, ह्याची ती वाट बघत राहिली. आवाज आला नाही. तिनं वळून पाहिलं. पेन होतं तिथेच होतं. पाक जुमादींनी दोन्ही हात मांडीवर एकात एक घेतले होते आणि ते पाक दिमासकडे बघून अगदी प्रेमानं हसत होते.

"इथे. खाली, उजवीकडे," पाक दिमास म्हणाले.

"इंगिह," पाक जुमादी म्हणाले, आणि बसून राहिले.

म्हणजे काल अंगणातही ते हेच म्हणत होते. इतकी वर्षं ह्या गावात काढून, एकेक बाण पायांनी चालून तपासून, तुरिनानं ह्या माणसाचं 'हो' नेमकं त्या टॅबलेटसारखंच ऐकलं होतं. तिला लाज वाटली, हसू आलं, आणि छातीवरचा दगड कुणी उचलून नेल्यासारखं हलकं वाटलं.

पाक दिमासच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी एर्नाकडे पाहिलं, त्रिस्नोंकडे पाहिलं, आणि शेवटी नाइलाजानं खोलीतल्या एकाच सरळ बोलणाऱ्या बाईकडे वळले.

"बू तुरिना," ते हळूच म्हणाले, "हे सगळे हो म्हणतायत ना?"

"होच म्हणतायत, पाक," तुरिना म्हणाली. "दाबा तुमचं हिरवं बटण."